पेशी समजायची तर ती आधी बिघडवून बघ

पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. शाळेत जीवशास्त्रात तिला कायम चांगले गुण होते. कॉलेजात पेशी आणि रेणूजीवशास्त्राचा पहिला पेपर आला आणि गाडी अडली. धडा तीन-तीनदा वाचून होतो, चार रंगांत नोट्स निघतात, व्याख्या तोंडपाठ आहेत. पण ‘अमुक प्रथिन निकामी झालं तर पेशीत काय दिसेल?’ असं विचारलं की पेन पुढे सरकत नाही. रेप्लिकेशन (डीएनएची नक्कल), ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए) आणि ट्रान्सलेशन (आरएनएवरून प्रथिन) एकमेकांत मिसळतात. ‘माझं पाठांतर कमी पडतंय का?’ असं तिने शेवटी विचारलं आहे.

पाठांतर कमी पडत नाहीये. मी हा विषय बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवते, त्याआधी काही वर्षं यीस्टच्या पेशींवर काम केलं. तुझ्यासारखी पाच-सात मुलं दरवर्षी वर्गात असतातच. (एकेरीत लिहितेय, सवय आहे.) तुमच्याकडे नावं सगळी असतात. अडचण इतकीच की नावं आधी येतात आणि प्रश्न मागाहून. हा विषय घडला तो बरोबर उलट्या क्रमाने. कुणीतरी पेशीत काहीतरी मोडलं, किंवा आपोआप मोडलेलं सापडलं. मग काय बिघडतं ते पाहिलं आणि त्यावरून त्या भागाचं काम ओळखलं. नाव पडलं ते सगळ्यात शेवटी.

फळमाशीचं बघ. तिच्या एका जनुकाचं नाव ‘व्हाइट’, म्हणजे पांढरं. आणि या जनुकामुळे माशीचे डोळे लाल होतात! पहिल्यांदा वाचताना छपाईची चूक वाटते. पण १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गन यांना लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, आणि जनुकाची ओळख पटली ती त्या बिघाडातून. जनुक बिनबोभाट काम करत असतं तोवर त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. नळाला पाणी येतंय तोवर पाइप कुठून गेलाय हे कोण बघतं?

म्हणून माझा सल्ला एका ओळीचा आहे. पुस्तकातलं कुठलंही विधान वाचून झालं की थांब आणि विचार, ‘हे मोडलं तर?’ उत्तर आधी स्वतः लिही, मग पान उलट. खाली काही ठिकाणी हे करून दाखवते.

पेशीपटलापासून सुरू करू. ‘सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो, त्यासाठी एक एटीपी खर्ची पडतो’ (एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन) हे तुला पाठ असणार. आता पंप बंद कर. वाबेन नावाचं वनस्पतिजन्य विष नेमकं हेच करतं. पेशीबाहेर सोडियम साधारण १४५ मिलिमोलर असतो, आत १० च्या आसपास. पोटॅशियमचं उलट, आत १४० आणि बाहेर ५. पंप थांबला की सोडियम मिळेल त्या वाटेने आत झिरपत राहतो आणि त्याला उपसणारं कुणी उरत नाही. आतल्या विरघळलेल्या कणांची संख्या वाढते, त्यांच्यामागे पाणी येतं, पेशी फुगते.

इथवर बहुतेक जण पोचतात. पुढची पायरी चुकते. आतड्याच्या पेशी अन्नातलं ग्लुकोज आत ओढतात ते सोडियमच्या जोरावर: आत शिरायला टपलेल्या सोडियमचं बोट धरून ग्लुकोज आत येतं, आणि हे काम करणाऱ्या वाहक प्रथिनाला स्वतःला एटीपी लागत नाही. तरी पंप बंद पडला की हेही काम थांबतं, कारण ज्या उतारावरून सोडियम घरंगळत होता तो उतारच सपाट झाला. जलसंजीवनीत मिठासोबत साखर का घालतात, त्याचं उत्तर इथेच आहे. दोघं जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग. परासरण, पटलातली वाहतूक आणि ऊर्जा हे पुस्तकात तीन वेगळे धडे असतात. एक पंप मोडला की ते एकमेकांना जोडले जातात.

‘मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस’ हे वाक्य मी वर्गात कुणाला उच्चारू देत नाही. ते खोटं नाही, पण त्याच्या आधाराने एकही प्रश्न सुटत नाही. घडतं ते असं: आतल्या पटलात इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे जात जात शेवटी ऑक्सिजनला मिळतात. वाटेत सुटणाऱ्या ऊर्जेवर प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. ते परत येतात एटीपी सिंथेजमधून, आणि येताना एटीपी घडवून जातात. धरणात पाणी चढवायचं आणि टर्बाइनमधून खाली सोडायचं, तसंच.

आता हे दोन ठिकाणी मोडू. आधी टर्बाइन बंद कर. ऑलिगोमायसिन ते करतं. एटीपी बनणं थांबेल हे सगळे सांगतात. ऑक्सिजनचा वापर? तोही घटतो. प्रोटॉनांना परतीची वाट नाही, धरण तुडुंब भरलंय, आणखी प्रोटॉन वर चढवणं जड जातं आणि मागे इलेक्ट्रॉनही तुंबतात. दुसऱ्या वेळी धरणालाच भोक पाड, त्यासाठी डायनायट्रोफिनॉल. प्रोटॉन भोकातून मोकाट परत येतात, इलेक्ट्रॉनांची धाव वाढते, ऑक्सिजन जास्त लागतो, एटीपी मात्र घटतं. ऊर्जा नुसती उष्णता होऊन बाहेर पडते. १९३० च्या दशकात हे रसायन वजन घटवायचं औषध म्हणून विकलं गेलं आणि ते घेणारी काही माणसं ताप चढत जाऊन दगावली. आता परीक्षेतला प्रश्न: आधी ऑलिगोमायसिन घातलं, ऑक्सिजनचा वापर मंदावला; त्यावर डायनायट्रोफिनॉल घातलं तर? वहीत लिही, मग पुढे वाच. ऑक्सिजनचा वापर पुन्हा चढतो, एटीपी काही परत येत नाही. हा प्रश्न ज्याला सुटला त्याला तो धडा आला, बाकी रंगीत आकृत्यांचं मी फारसं मनावर घेत नाही.

प्रोटॉनांच्या उताराची ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये मांडली तेव्हा ती फार थोड्यांना पटली. सगळे जण इलेक्ट्रॉनांची साखळी आणि एटीपी यांच्यामधला एखादा उच्च ऊर्जेचा रेणू शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. १९६६ मध्ये आंद्रे जॅगेन्डॉर्फ यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात हरितलवकातली पटलं अंधारात पीएच ४ च्या द्रावणात मुरवली आणि मग एकदम पीएच ८ च्या द्रावणात टाकली. प्रकाश नाही, इलेक्ट्रॉनांची साखळी चालू नाही, तरी एटीपी तयार झालं. नुसता उतार पुरला. मिचेल यांना १९७८ मध्ये नोबेल मिळालं. असे प्रयोग पुस्तकात बाजूच्या चौकटीत बारीक टाइपात असतात आणि विद्यार्थी त्या चौकटी गाळून पुढे जातात. मी म्हणेन, वेळ कमी असेल तर उरलेलं पान गाळ.

पेशीतल्या अंगकांची यादी करत बसू नकोस. एकच प्रथिन धर, समजा स्वादुपिंडातून बाहेर पडणारं एखादं पाचक विकर, आणि रायबोसोमपासून (प्रथिनं इथे जुळतात) पेशीच्या दारापर्यंत त्याच्या मागे चालत जा: आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी, पुटिका, बाहेर. जॉर्ज पलाडे यांनी किरणोत्सारी अमिनो आम्लं वापरून हाच माग काढला होता. आणि मोडायचं असेल तर पत्ता मोड. लयकारिकेत (लायसोसोम, पेशीतला कचरा पचवणारी पिशवी) जायच्या विकरांवर गॉल्गीत मॅनोज-६-फॉस्फेटची खूण लागते. एका आनुवंशिक आजारात ही खूण लावणारं विकरच नसतं. मग लयकारिकेची विकरं कुठे सापडतील? रक्तात. ती बनतात ठीकठाक, पण पत्ता नसलेलं टपाल बाहेरच्या गठ्ठ्यात जातं.

आता तुझा मुख्य गोंधळ. तीन शब्द मिसळतात, कारण तिन्हींचं वर्णन ‘एका साखळीवरून दुसरी साखळी’ असंच मनात बसलेलं असतं. व्याख्या पुन्हा वाचून ते सुटत नाही. औषधांनी सुटतं. सिप्रोफ्लॉक्सॅसिन जिवाणूंच्या गायरेजला अडकवतं. डीएनए उलगडताना पुढे साचणारा पीळ सोडवणारं हे विकर अडलं की रेप्लिकेशन अडखळतं. रिफॅम्पिसिन जिवाणूंच्या आरएनए पॉलिमरेजला धरतं, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन बंद. क्लोरॅम्फेनिकॉल रायबोसोमच्या मोठ्या उपघटकावर बसतं, म्हणजे ट्रान्सलेशन बंद.

मनातल्या मनात तीन नळ्यांत वाढते जिवाणू घे आणि प्रत्येक नळीत एक औषध टाक. नवी प्रथिनं बनणं तडक कुठे थांबेल? फक्त क्लोरॅम्फेनिकॉलच्या नळीत. रिफॅम्पिसिनच्या नळीत आधीच लिहून झालेले एमआरएनए (जनुकांच्या आरएनए प्रती) शिल्लक आहेत, त्यांवर रायबोसोम काम करत राहतात. पण जिवाणूंचे एमआरएनए काही मिनिटांतच मोडून जातात, म्हणून जरा वेळाने तिथेही शांतता. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या नळीत प्रथिनं लगेच थांबायचं कारण नाही. तिथे आधी कोंडी होते ती डीएनएची. हे एकदा स्वतः मांडलंस की तिन्ही शब्द परत मिसळणार नाहीत, कारण आता प्रत्येकाला स्वतःचा वेग आणि स्वतःचा साठा आहे.

(जाता जाता: क्लोरॅम्फेनिकॉल आपल्या पेशीद्रवातल्या रायबोसोमना सोडून देतं, पण मायटोकॉन्ड्रियातल्या रायबोसोमना त्रास देतं. का? मायटोकॉन्ड्रिया हे एकेकाळचे स्वतंत्र जिवाणू, हे लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये मांडलेलं म्हणणं आठव.)

दरवर्षी पेपर तपासताना एक चूक इतर सगळ्या चुकांहून जास्त दिसते: ‘आरएनए पॉलिमरेज एयूजीपासून सुरुवात करतं’. करत नाही. पॉलिमरेजला प्रमोटर कळतो, म्हणजे जनुकाच्या सुरुवातीची डीएनएवरची खूण. एयूजी हा एमआरएनएवरचा ‘प्रथिन इथून सुरू कर’ असा तीन अक्षरांचा कोडॉन, तो रायबोसोमसाठी असतो. तसंच थांबण्याचं. टर्मिनेटर पॉलिमरेजसाठी, स्टॉप कोडॉन रायबोसोमसाठी. दोन वेगळे वाचक, दोघांच्या खुणा वेगळ्या. आता मोडून बघ. प्रमोटर बिघडवला तर एमआरएनएच नाही. एयूजी बिघडवला तर एमआरएनए पूर्ण लांबीचा बनेल, पण त्यावर नेहमीचं प्रथिन बनणार नाही. स्टॉप कोडॉन बिघडवला तर? एमआरएनएची लांबी तीच, प्रथिन मात्र लांबेल, कारण रायबोसोम पुढच्या स्टॉप कोडॉनपर्यंत वाचत जाईल. ही तीन उत्तरं न अडखळता देता आली तर निम्मा पेपर सुटल्यात जमा आहे.

दुसरा खड्डा दिशेचा. ‘साखळी ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाढते’ (डीएनएच्या साखळीच्या दोन टोकांची ही नावं) हे सगळ्यांना पाठ असतं, आणि ‘का?’ विचारलं की वर्ग खाली बघतो. नवा न्यूक्लिओटाइड, म्हणजे साखळीचं नवं अक्षर, तीन फॉस्फेट घेऊन येतो, म्हणजे स्वतःच्या जोडणीचा खर्च खिशात घेऊनच. साखळीच्या ३ प्राइम टोकाला ओएच गट असतो. तो नव्याला धरतो आणि दोन फॉस्फेट सुटतात. समजा चुकीचं अक्षर बसलं. पॉलिमरेज ते कापतं, टोकाला पुन्हा ओएच उरतो, पुढचा पाहुणा आपला खर्च घेऊन येतोच. आता साखळी उलट दिशेने, ५ प्राइम टोकाने वाढते अशी कल्पना कर. या वेळी खर्च साखळीच्या टोकावरच्या तीन फॉस्फेटांतून होणार. तिथलं चुकीचं अक्षर कापलं की ते फॉस्फेटही गेले, आणि साखळी तिथेच खुंटली. म्हणजे ज्या दिशेत चूक खोडता येते तीच दिशा टिकली, असं समजायला हरकत नाही. खोडाखोड ही काही चैन नाही: पॉलिमरेज पहिल्या झटक्यात सुमारे एक लाख अक्षरांत एक चूक करतं, लगेचची खोडाखोड आणि नंतरची दुरुस्ती धरली की ते प्रमाण सुमारे शंभर कोटींत एकावर येतं.

आणि ३ प्राइमचा तो ओएचच नसलेला न्यूक्लिओटाइड दिला तर? साखळी तिथे संपते, पुढचा कुणाला धरणार? फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये या एका गोष्टीवर डीएनए वाचायची पद्धत उभी केली. एचआयव्हीवरचं झिडोव्हुडिन हे औषधही याच तत्त्वावर विषाणूची साखळी तोडतं. मोडतोड नुसती समजून घ्यायला नाही, वापरायलाही येते.

सगळ्यांना धडकी भरवणारा धडा म्हणजे लॅक ओपेरॉन, एकाच नियंत्रणाखाली चालणारा जनुकांचा गट. मला तो या अभ्यासक्रमातला सर्वांत सुंदर धडा वाटतो, म्हणून इथे जरा रेंगाळते. ई. कोलाय जिवाणूला लॅक्टोज (दुधातली साखर) पचवायची विकरं लागतात, पण लॅक्टोज नसताना ती बनवणं फुकटचा खर्च. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांनी १९६१ मध्ये हे नियंत्रण कसं चालतं ते मांडलं, आणि तेव्हा त्यांच्या हातात रिप्रेसर प्रथिन नव्हतं, जनुकांचा अनुक्रमही नव्हता. होते ते बिघडलेले जिवाणू.

एक दार आहे असं धर. दार म्हणजे विकरांच्या जनुकांकडे जायची वाट. दाराला कडी आहे, तो ऑपरेटर. एक पहारेकरी आहे, तो रिप्रेसर; तो कडीला धरून दार बंद ठेवतो. लॅक्टोज आलं की (नेमकं सांगायचं तर त्यापासून बनलेलं अ‍ॅलोलॅक्टोज) ते पहारेकऱ्याला बाजूला घेतं आणि दार उघडतं.

आता दोन बिघडलेले जिवाणू आहेत. दोन्हींत लॅक्टोज नसतानाही विकरं सतत बनतात. बाहेरून बघितलं तर दोघं सारखेच. एकात पहारेकरीच नाही, दुसऱ्यात कडी तुटलेली. कुठल्यात काय, हे कसं ओळखायचं? पुस्तक इथे ‘सिस’ आणि ‘ट्रान्स’ हे शब्द आणतं आणि मुलं गळाठतात. शब्द बाजूला ठेव. जिवाणूत त्याच भागाची एक चांगली प्रत आणून ठेव, म्हणजे आता दोन दारं झाली, शेजारी-शेजारी. पहारेकरी नसलेल्या जिवाणूत चांगल्या प्रतीने नवा पहारेकरी दिला. तो प्रथिन आहे, पेशीभर हिंडतो, दोन्ही दारं लावून घेतो. बिघाड झाकला गेला. कडी तुटलेल्या जिवाणूत मात्र शेजारच्या दाराला कितीही चांगली कडी असली तरी तुटक्या कडीचं दार उघडंच. कडी ही डीएनएवरची जागा आहे, ती उठून दुसऱ्या दाराला लागत नाही. एवढंच आहे सिस आणि ट्रान्स: जे हिंडतं ते ट्रान्स, जे जागचं हलत नाही ते सिस.

इथे एक सूचना. प्रश्नात दोन प्रती दिल्या की आधी लिही, कुठल्या दारामागे कुठलं काम करणारं जनुक आहे. तुटक्या कडीच्या दारामागचं विकराचं जनुकच निकामी असेल तर दार सताड उघडं असून उपयोग शून्य. परीक्षक हा सापळा हमखास लावतात, मीही लावते.

तिसराही एक बिघाड आहे, कान नसलेला पहारेकरी. लॅक्टोज कितीही सांगू दे, तो दार सोडत नाही. याच्यासोबत चांगली प्रत ठेवली तरी फरक पडत नाही, कारण बहिरा पहारेकरी हिंडत जाऊन दोन्ही दारं धरून बसतो. हा विषय इथे थांबवते, शेवटी याच्यावर काम देणार आहे.

पेशीचक्राबद्दल थोडक्यात. तिथे मोडायची पद्धतच अडचणीची: विभाजनासाठी अत्यावश्यक जनुक मोडलं तर पेशी वाढवणार कशी आणि अभ्यासणार काय? लीलँड हार्टवेल यांनी यीस्टमध्ये तापमानाला नाजूक असे बिघाड शोधले. कमी तापमानात प्रथिन चालतं, पेशी वाढतात. सुमारे ३६ अंशांवर नेलं की तेच प्रथिन लुळं पडतं आणि सगळ्या पेशी चक्राच्या एकाच टप्प्यावर अडून बसतात. कुठल्या टप्प्यावर अडल्या त्यावरून जनुकाचं काम. पुढे १९८७ मध्ये पॉल नर्स यांच्या प्रयोगशाळेने दुसऱ्या जातीच्या यीस्टमधलं असंच मोडकं जनुक माणसाच्या जनुकाने भरून काढलं, आणि पेशी विभागू लागली. यीस्ट आणि माणूस यांच्या वाटा वेगळ्या होऊन शंभर कोटींच्या आसपास वर्षं झाली असतील. सुटा भाग अजून बसतो. हार्टवेल, नर्स आणि टिम हंट यांना २००१ चं नोबेल मिळालं. गुणसूत्रं मोजताना गडबड होते त्यावर उपाय सोपा आहे: सेंट्रोमिअर (गुणसूत्राच्या दोन नकला, म्हणजे क्रोमॅटिड, जिथे जोडलेल्या असतात तो सांधा) मोज, पाय मोजू नकोस. विभाजनाच्या तोंडावर माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं आणि ९२ क्रोमॅटिड असतात. अ‍ॅनाफेजमध्ये, म्हणजे नकला वेगळ्या होण्याच्या टप्प्यात, सेंट्रोमिअर सुटले की त्याच पेशीत क्षणभर ९२ गुणसूत्रं.

आकड्यांना घाबरू नकोस, पाच-सहाच लागतात. आपली पेशी साधारण १० ते २० मायक्रॉन, ई. कोलाय २ मायक्रॉन लांब, रायबोसोम २५ नॅनोमीटरच्या आसपास, पटलाची जाडी ५, डीएनएची रुंदी २ नॅनोमीटर. एवढ्यावर कोडी घालता येतात. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लाख जोड्या. नक्कल एका जागी सुरू होते आणि दोन दिशांनी, प्रत्येकी सेकंदाला सुमारे १००० जोड्यांच्या वेगाने जाते. भागाकार केलास तर ४० मिनिटांच्या जवळ येशील. पण चांगलं खाद्य मिळालं की हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो! उत्तर असं की पहिली नक्कल पुरी व्हायच्या आतच दुसरी सुरू झालेली असते. लेक जन्माला येते तेव्हा नातीच्या डीएनएची तयारी चालू असते. आता तूच माणसाच्या पहिल्या गुणसूत्राचा हिशेब कर: सुमारे २५ कोटी जोड्या, वेग सेकंदाला ५०. एकाच जागेपासून दोन्हीकडे सुरुवात केली तर महिनाभर लागेल, आणि प्रत्यक्षात काम सुमारे आठ तासांत आटोपतं. मग काय असायलाच हवं? ‘माणसाच्या गुणसूत्रात नकलेच्या आरंभाच्या जागा अनेक असतात’ हे वाक्य पाठ करायची वेळ तुझ्यावर येणारच नाही.

प्रात्यक्षिकाला दुय्यम समजू नकोस. तिथली ‘कंट्रोल’ नळी म्हणजे हाच मोडायचा प्रश्न, काचेत उतरवलेला. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायची पद्धत) करताना एका नळीत डीएनएऐवजी नुसतं पाणी घालतात. त्या नळीत पट्टा दिसला तर बाकी सगळे सुंदर पट्टे कचऱ्यात. माझ्या उमेदवारीच्या काळात पाण्याच्या नळीतला पट्टा दिसूनही मी ‘फिका आहे’ म्हणून पुढे गेले होते, आणि तीन आठवडे स्वतःच्या पिपेटवरचा मळ अभ्यासत बसले. डीएनएचे तुकडे विजेच्या जोरावर वेगळे करायचं जेलही एकदा उलट जोडलं होतं. डीएनए ऋणभारित, तो धन टोकाकडे धावतो हे मला पाठ होतं. तो खाचांतून मागच्या मागे बफरमध्ये उतरताना पाहिला तेव्हा कळलं. पिपेटचं बटण दोन टप्प्यांचं असतं: द्रव घेताना पहिल्या थांब्यापर्यंत, सोडताना दुसऱ्यापर्यंत. घेताना दुसऱ्यापर्यंत दाबलंस तर द्रव जास्त भरतो आणि सगळ्या तीव्रता बिनसतात. पहिल्या महिन्यातले निम्मे विचित्र निकाल यातूनच येतात.

रोजच्या अभ्यासाचं म्हणशील तर पुनर्वाचन कमी कर. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवलं होतं की पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणाऱ्यांना जास्त आठवतं. आठवड्याने विचारलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे असतात. पुनर्वाचन त्या संध्याकाळी इतकं छान का वाटतं आणि परीक्षेत दगा का देतं, हे यात आलं. तेव्हा पुस्तक मिट, कोरा कागद घे, एक प्रक्रिया काढ: बाण, दिशा, आकडे. मग पुस्तक उघडून चुका दुसऱ्या रंगाने भर. रंगीत पेनं इथे वापर. शेवटी त्या चित्रातला एक भाग खोडून टाक आणि खाली तीन ओळी लिही: काय साचेल, काय संपेल, काय तसंच चालू राहील. तिसरी ओळ सगळे विसरतात, आणि गुण तिथेच असतात.

काही गोष्टी पाठ कराव्याच लागतात, ते नाकारत नाही. पण त्या कमी आहेत. २० अमिनो आम्लांच्या रचना मला आजही सगळ्या झटकन काढता येणार नाहीत; कोणतं भारित, कोणतं पाण्यात रमणारं, कोणतं पाणी टाळणारं, हे मात्र झोपेतही सांगेन. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येतं, डीएनएत जीएजीचं जीटीजी होतं. भारित, पाण्यात रमणाऱ्याच्या जागी पाणी टाळणारं आलं, तेही प्रथिनाच्या बाहेरच्या अंगाला. ऑक्सिजन सोडलेले हिमोग्लोबिनचे रेणू तिथेच एकमेकांना चिकटतात. गट माहीत असले की आजाराचं स्पष्टीकरण तुझं तू लिहू शकतेस.

आता ते राहिलेलं काम. एका जिवाणूत एकच प्रत आहे: पहारेकरी बहिरा आणि कडी तुटलेली. लॅक्टोज नसताना विकरं बनतील का? असताना? मग त्यात दुसरी प्रत घाल, सगळं धडधाकट असलेली, आणि दोन्ही प्रश्न परत सोडव. प्रत्येक दाराचं उत्तर वेगळं लिही. कागदावर दारं काढून कर, डोक्यात करू नकोस. उत्तर कळव, आणि अडलीस तर कुठल्या दारापाशी अडलीस तेही लिही.